माघातलं तिकांडं

प्रेत विहिरीबाहेर काढलं तेव्हाही त्याची उजवी मूठ आवळलेलीच होती. लोखंडी शिडीची पायरी केव्हाच सुटली होती. हाताला मात्र ते अजून कळलेलं नव्हतं.

सहायक पोलीस निरीक्षक प्रियदर्शनी जाधवर त्या मुठीपाशी उकिडव्या बसल्या. तळव्यावर आडवा, काळा, जळका पट्टा होता. मृताचं नाव सत्यम आगे. दिंद्रुडच्या शिवारातला तरुण शेतकरी. मागे बायको, एक तान्हं मूल आणि नुकताच उगवलेला उन्हाळी भुईमूग.

विहिरीपासून हाकेच्या अंतरावर नवा लोखंडी पोल उभा होता. त्याच्या टोकाला फोकस होता. रानडुकरांनी पेरणी उकरू नये म्हणून रात्रभर जळणारा, डोळे दिपवणारा दिवा. त्या फोकसची वायर पोलाच्या बुडाशी कापलेली होती आणि तिचं उघडं टोक शिडीच्या मागच्या बाजूला, सहज दिसणार नाही असं, नीट पीळ देऊन बांधलेलं होतं. मोटरीचा स्टार्टरही बंद केलेला होता.

"अपघात नाही," प्रियदर्शनी म्हणाल्या.

"कसला अपघात, मॅडम!" हवालदार तानाजी म्हणाला. "मोटरवाला यासीन राती इथंच व्हता. परवाच्या बाजारात दोघांची बाचाबाची झालती. वायरीचं काम दुसऱ्या कुणाला येतंय?"

हा निष्कर्ष तानाजीचा एकट्याचा नव्हता. पोलीस पोचण्याआधीच गावाने खटला चालवला होता, निकाल दिला होता आणि शिक्षेचा पहिला हप्ताही अमलात आणला होता. यासीनचं दुकान फोडलं. त्याचा उजवा हात त्याच्याच कामाच्या टेबलावर दाबून धरला आणि त्याच्याच हातोड्याने बोटं ठेचली. गावात एरवी साध्या नालीचं काम तीन वर्षं रेंगाळतं. न्यायाच्या बाबतीत मात्र अशी तत्परता.

शेजारच्या शेतात मुक्ताबाई होती. काढणीला आलेली ज्वारी राखायला ती थंडीभर रानातच झोपायची. प्रियदर्शनींनी तिला बोलावून घेतलं.

"रात्री इथं कोण आलं होतं, आजी?"

"यासीन आलता मोटर बघाया. गेला तवा म्या पाह्यला की. फोकसच्या उजेडात त्याची फटफटी दिसली."

"सत्यम कुठं होता तेव्हा?"

"पाणी धरीत आसंल रानात. मला न्हाई दिसला."

"किती वाजले होते?"

"मला कुठलं आलंय घड्याळ, बाई? तिकांडं टेकलं व्हतं."

तानाजीचं पेन थांबलं. "काय टेकलं होतं?"

मागून एक सौम्य, घोटलेला आवाज आला. "तिकांडं. मृग नक्षत्रातले ओळीने असलेले तीन तारे. ही मंडळी त्यांच्यावरून वेळ सांगतात. तिकांडं मावळतीला टेकलं म्हणजे पहाट. पाचचा सुमार धरा."

सेवानिवृत्त प्राचार्य विजयसिंह तौर. पलीकडच्या टेकाडावर त्यांचा शेतबंगला होता आणि त्याच्या गच्चीवर गोल घुमटाची खासगी वेधशाळा. तालुकाभर त्यांच्या आकाशदर्शनाचे कार्यक्रम होत. पंच म्हणून सही करायला गावाने त्यांनाच पुढे केलं होतं. इस्त्रीचा सदरा घातलेला तिथं दुसरा कोणी नव्हता.

मुक्ताबाईने तोंड उघडलं. सरांकडे पाहिलं. आणि मिटलं.

तानाजीने लिहिलं : पहाटे पाचच्या सुमारास.

दुपारी मोबाइल कंपनीकडून माहिती आली. सत्यमचा फोन त्याच्या खिशातच त्याच्याबरोबर पाण्यात गेला होता. टॉवरशी त्याचा शेवटचा संपर्क पाचला थोडी मिनिटं कमी असताना तुटला होता. वेळ वेळेला जुळली. सरांच्या विद्वत्तेचं ठाण्यात कौतुक झालं. संध्याकाळच्या आत पोल, फोकस आणि वायर असा सगळा मुद्देमाल उपटून ठाण्यात जमा झाला आणि यासीनवर खुनाचा गुन्हा दाखल झाला.

*

यासीन सरकारी दवाखान्यात होता. डावा हात खाटेच्या दांडीला बेडीने अडकवलेला. उजव्या हाताचं पांढरं गाठोडं झालेलं. पायथ्याशी त्याची बायको तरन्नुम उभी होती. ती रडत नव्हती. ती गाठोड्याकडे पाहत होती.

"रात्री तिथं कशाला गेला होतास?"

"संध्याकाळीच गेलतो, मॅडम. आधी फोकस लिंबाच्या झाडाला बांधल्याला व्हता. सत्यम म्हणला, उजेड लांबवर पडाया पायजे. मंग दोघांनी मिळून पोल उभा केला. नंतर मोटरीचा फुटबॉल धरंना."

"फुटबॉल?"

"पाण्यातल्या पाइपाच्या बुडाची झडप हो. ती गळती, मंग मोटर पाणी सोडती. चिंधी गुंडाळून बसवली. म्हणलं, मोटर परत बंद पडली तर आधी खाली उतरून झडप बघ. ते तर तो रोजच करायचा, सगळ्या शिवाराला ठावं हाय. म्या गेलो तवा पाणी चालू व्हतं. सत्यम जित्ता व्हता."

"किती वाजता निघालास?"

"दीड वाजला आसंल."

तानाजी हसला. "आन् बाईनं पाह्यलं पाचला. मधल्या टायमाला काय विहिरीला प्रदक्षिणा घालत व्हतास का बे?"

यासीन हळूच म्हणाला, "घरी आलतो. तरन्नुमला इचारा."

"बायको काय सांगणार, ते आमाला ठावं हाय."

"मंग मला इचारताच कावून?" तरन्नुम पहिल्यांदा बोलली. "लिवा की तुमचं तुमीच. सारं गाव लिवतंच हाय."

"बाजारात भांडण कशावरून झालं?" प्रियदर्शनींनी विचारलं.

"तो म्हणला, तीनदा बोलावलं, कावून न्हाई आलास. म्या म्हणलं, मोटरी शंभर, हात दोन." यासीनने गाठोड्याकडे पाहिलं. "तवा दोन व्हते."

"सत्यमचं आणखी कुणाशी वाकडं होतं?"

"न्हाई. तौर सर तेवढे कुरकुरायचे. फोकसमुळं त्यास्नी चांदण्या दिसंनात म्हणून. सत्यम हसायचा. म्हणायचा, सर, डुकरं तुमच्या चांदण्या उकरत न्हाईत, माजा भुईमूग उकरतात."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना तानाजीने मोबाइल पुढे केला. "सरांवरनं आठवलं, मॅडम. काय फोटू टाकलाय बघा ग्रुपवर. लोकांनी हात जोडून ठेवलेत."

आकाशगंगा. काळ्याशार आभाळात आग्नेयेकडून वर चढलेला दुधाळ धुराचा लोट. खाली अंधाराचा पट्टा म्हणजे शिवार. त्यात एक लिंबाचं झाड आणि शेजारी एक बारीक उभी काळी रेघ. वर सरांनी लिहिलं होतं : गेल्या वर्षीच्या माघातली एक निर्मळ पहाट, माझ्या गच्चीवरून.

"सुंदर आहे," प्रियदर्शनी म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या.

त्यांना खटकत होतं ते वेगळंच. वायर कापली त्या क्षणी फोकस विझला असणार. यासीन वायर शिडीला बांधून पळाला असेल, तर त्या म्हातारीने त्याला फोकसच्या उजेडात कसं पाहिलं?

*

तिसऱ्या दिवशी दिवस बुडायच्या वेळी त्या एकट्याच मुक्ताबाईच्या शेतावर गेल्या. म्हातारी चुलीपुढे भाकरी थापत होती. विजेचा खांब दूर, फोकस मुद्देमालात. अंधार पडला तसं आभाळ एकदम जवळ आलं.

"ते तिकांडं दाखवता का, आजी?"

मुक्ताबाईने पिठाचा हात वर केला. सरळ वर.

"त्ये काय. माथ्यावर."

तीन तारे. एका ओळीत, सारख्या अंतरावर, जराशी मान दक्षिणेकडे झुकवली की नेमके दिसणारे. प्रियदर्शनी मान वर करून तशाच उभ्या राहिल्या.

"आत्ता माथ्यावर?"

"मंग! दिवस बुडाला की माथ्यावर. माघाच्या शेवटाला तसंच आसतं."

"आणि मावळतं कधी?"

"सूर्य दुपारी माथ्यावर आला की बुडाया किती येळ लागतो? तेवढाच ह्याला. मधल्या राती टेकतं, मंग म्या एक डुलकी काढती."

दुपारचे बारा ते संध्याकाळचे सहा. आकाशाचा पाव फेरा. आत्ता घड्याळात साडेसात होऊन गेले होते. प्रियदर्शनींना हिशेबाला बोटंही लागली नाहीत. जो तारा साडेसातला डोक्यावर आहे, तो दीडच्या सुमारास क्षितिजाला टेकेल. पहाटे पाचला तो पायाखालच्या जमिनीच्या पार पलीकडे असेल; त्याला पाहायचं तर पृथ्वी खणावी लागेल.

"मग पहाट कुठून आली? पहाटेला टेकतं असं तुम्ही म्हणालात का?"

"म्या कुठं म्हणलं? पुसात तसं आसतं खरं. हुरड्याच्या दिसात तिकांडं बुडालं की तांबडं फुटतं. पर आता का पूस हाय?"

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

म्हातारीने भाकरी उलटली. आरावर पीठ करपल्याचा वास आला.

"सर बोलत व्हते, बाई. माज्या ल्योकाला त्यांच्या कालिजात चिकटवलंय. आन् मला वाटलं, त्यांच्याजवळ एवढी मोठी दुर्बीण हाय. मलाच म्हातारीला कमी दिसलं आसंल."

पलीकडे सत्यमच्या शेतात लिंबाचं झाड उभं होतं. शेजारी पोल उपटल्याचा खड्डा. प्रियदर्शनींनी मोबाइल काढला, तो फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. बराच मोठा.

*

दुसऱ्या दिवशी सायंकाळी विजयसिंह तौरांनी त्यांचं गच्चीवर स्वागत केलं. चहा आला, कप पातळ चिनी मातीचे. तानाजी जिन्याच्या तोंडाशी उभा राहिला. घुमटाखाली मोठी दुर्बीण होती आणि भिंतीवर नवी फ्रेम : तीच आकाशगंगा.

"आरोपपत्राआधी एक गोष्ट समजून घ्यायची होती, सर. न्यायालयात वकील विचारतील. तिकांडं वर्षभर रोज पहाटेच मावळतं, असं मी लिहू ना?"

सरांच्या कपाळावर आठी उमटली. आयुष्यभर वर्गावर फिरवलेली ती आठी होती. अज्ञानाच्या नुसत्या वासाने उमटणारी.

"अहो, असं काही लिहू नका. हसतील. कोणताही तारा रोज आदल्या दिवसापेक्षा चार मिनिटं लवकर उगवतो आणि लवकर मावळतो. पृथ्वी सूर्याभोवती पुढे सरकते, म्हणून. महिन्याला दोन तासांचा फरक. हे सातवीच्या मुलाला माहीत असतं."

"म्हणजे पौषात पहाटे मावळणारं तिकांडं…"

"माघाच्या अखेरीस मध्यरात्रीनंतर तास-दीड तासात मावळेल. साधं त्रैराशिक आहे."

"आणि ही आकाशगंगा? ती संध्याकाळी दिसेल का?"

"माघात? छे! तिचा हा गाभा आत्ता फक्त पहाटेआधी आग्नेयेला येतो. तांबडं फुटेपर्यंत जेमतेम दीड-दोन तास मिळतात. त्यासाठी अमावास्या लागते आणि निखळ अंधार. वर्षातून दोन-तीनच रात्री साधतात." त्यांनी फ्रेमकडे पाहिलं. त्या नजरेत वात्सल्य होतं.

"किती छान समजावता, सर. तानाजी, ऐकलंत ना?"

"ऐकलं, मॅडम."

प्रियदर्शनींनी कप खाली ठेवला. "मग त्या सकाळी विहिरीवर तुम्ही तिकांडं टेकलं म्हणजे पहाट, असं का सांगितलंत?"

सरांनी आपला कप बशीत नेमका मध्यावर ठेवला.

"लोकसमजूत सांगितली मी. ढोबळ. चूक होते माणसाच्या हातून."

"माणसाच्या हातून होते. तानाजीच्या झाली. माझ्या झाली, मी ते ऐकून घेतलं. आम्हाला तारे कळत नाहीत, म्हणून ती चूक आम्हाला परवडते. तुम्हाला ती करताच येत नाही, सर. माझं चुकीचं वाक्य तुम्हाला चहाचा घोट संपेपर्यंतही सहन झालं नाही. जे तुम्हाला आत्ता माहीत आहे ते तीन दिवसांपूर्वीही माहीत होतं. म्हणजे तुम्ही चुकला नाहीत. तुम्ही खोटं बोललात."

"आणि मी खोटं का बोलावं?"

"कारण यासीन दीडला गेला, हे कळलं असतं तर पाचला तिथं कोण होतं, असा प्रश्न आला असता. फोन पाण्यात गेल्याची वेळ आम्हाला दुपारी कळली. तुम्ही 'पाच' सकाळीच सांगितलंत. अख्ख्या शिवारात ती वेळ ठाऊक असलेला एकच माणूस असू शकत होता."

सर हसले. अगदी सभ्यपणे. "तारे पाहून फाशी देणार मला?"

"नाही. तुमचा फोटो पाहून." त्या उठून फ्रेमपाशी गेल्या. "हा गेल्या वर्षीचा?"

"खाली लिहिलं आहे."

"हे लिंबाचं झाड. आणि ही शेजारची काळी रेघ. हा पोल आहे, सर. टोकाला फोकसची पेटीसुद्धा दिसते. यासीनने आणि सत्यमने तो त्याच संध्याकाळी उभा केला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आत आम्ही तो उपटून नेला. हा पोल या पृथ्वीवर त्या जागी एकच रात्र उभा होता. त्या एका रात्रीत, तुम्हीच सांगितलंत, आकाशगंगा पहाटेआधीच उगवली. आणि फोटोत फोकस विझलेला आहे. मुक्ताबाईने यासीनला जाताना पाहिलं तेव्हा तो जळत होता. म्हणजे कुणीतरी नंतर येऊन वायर कापली, ती शिडीला बांधली, स्टार्टर बंद केला. पाणी थांबलं तसा सत्यम रोजच्या सवयीने झडप बघायला अंधारात शिडी धरून उतरला. आणि तुम्ही इथं वर येऊन कॅमेरा लावलात. तो विहिरीत तरंगत असताना."

जिन्याच्या तोंडाशी तानाजीने टोपी काढून हातात घेतली होती.

विजयसिंह तौर फ्रेमजवळ आले. चष्मा सरकवून त्यांनी ती काळी रेघ पाहिली. चार दिवसांत पहिल्यांदाच. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते भय नव्हतं, पश्चात्ताप तर नव्हताच. चित्रावर डाग पडल्याची चीड होती ती.

"तुम्ही क्षितिजाच्या खाली कधी पाहिलंच नाही, सर," प्रियदर्शनी म्हणाल्या.

"मी त्याला सात वेळा सांगितलं." त्यांचा आवाज आताही व्याख्यानाचाच होता. "दिव्यावर झाप लाव, उजेड खाली वळव. तर त्या संध्याकाळी त्याने तो आणखी उंच चढवला. चाळीस वर्षं मी हे आकाश जपलं आहे. पाच हजार वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश माझ्या गच्चीवर पोचतो, आणि चार डुकरांसाठी एक अडाणी पोरगा तो पुसून टाकतो. कुणी विचार केला आहे याचा?"

"आणि यासीन?"

"यासीनचं मी काही केलेलं नाही. मी फक्त एक वेळ सांगितली. बाकी सगळं लोकांनी केलं."

यातलं शेवटचं वाक्य खरं होतं. अख्खं गाव कोणत्याही कलमात बसत नव्हतं, एवढंच.

*

यासीन सुटला. त्याचं स्वागत झालं नाही, कारण चुकल्याची कबुली द्यायला गावाला एकत्र जमता येत नाही. त्यासाठी चेहरे लागतात. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. उरलेली वळत नव्हती.

आठवडाभराने फुटक्या फळीच्या दुकानापुढे पहिलं गिऱ्हाईक आलं. खांद्यावर जळालेली मोटर. बंकट होता. त्या सकाळी हात टेबलावर कुणी दाबून धरला होता, ते सगळ्या गावाला माहीत होतं. हातोडा कुणी उचलला होता, तेही.

"यासीनभाई, लई नड हाय. ऊस वाळाया लागलाय. मोटर भरून दे."

यासीनने त्याच्याकडे पाहिलं. मग आत पाहिलं. तरन्नुम तांब्याच्या तारेचं रीळ गुडघ्यावर घेऊन बसली होती.

"ठीव तिथं," तो म्हणाला. "ती भरील. म्या सांगतो तसं भरती." बंकट निघाला तसा त्याने मागून हाक मारली. "आन् बंकट, माजा हातोडा तेवढा आणून दे. घरी ऱ्हायलाय तुज्या."

त्याच दुपारी हातोड्याबद्दलचा यासीनचा जबाब नोंदवून प्रियदर्शनी ठाण्यात परतल्या, तेव्हा विजयसिंह तौरांना जिल्हा कारागृहात न्यायची तयारी चालली होती. सर कोठडीत ताठ बसले होते. इथं आल्यापासून एकही रात्र ते झोपले नव्हते. डोळ्यांभोवती काळी वर्तुळं होती. छताला जाळीत बसवलेला पांढरा दिवा भरदिवसाही चालू होता. प्रियदर्शनींना पाहून ते उठले.

"मॅडम, एक विचारायचं होतं. तिथं, कारागृहात, रात्री आवारातले फोकस बंद करतात ना?"

प्रियदर्शनींनी त्यांच्याकडे पाहिलं.

"नाही, सर," त्या म्हणाल्या. "एकही रात्र नाही."